भिंतीवरची मूळव्याध

आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर पहिल्यांदा कोणी लिहिलं, ते आजही कळलेलं नाही. त्यानंतर जे जे लिहिलं गेलं ते सगळं मी लिहिलं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच माग काढत बसायला नको.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बाकांवर नावं कोरणारी आणि मुतारीच्या भिंतीवर बाईंची चित्रं काढणारी पोरं मी वर्षानुवर्षं पकडत आले आहे. एकाने तर माझंच चित्र काढलं होतं, नाकासकट हुबेहूब, आणि त्याच्याकडून ते पुसून घेताना मला थोडं वाईटही वाटलं होतं. अशी बाई चाळिशी उलटल्यावर भरदुपारी ओढणी कमरेला बांधून स्वतःच्याच घराची भिंत खराब करते, तेव्हा तिच्याकडे काहीतरी कारण असतं.

आई श्रावणात गेली. बाबा सगळी उमर बोटीवर होते. साधे खलाशी म्हणून चढले आणि सारंग म्हणून उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. आमच्या लहानपणी ते वर्षातून दोन-तीन महिने घरी यायचे आणि तेवढ्या वेळात गेटला, विहिरीच्या रहाटाला, एकदा तर आईच्या शिलाई मशीनलासुद्धा रंग देऊन जायचे. निवृत्त झाल्यावरही हाताला काहीतरी चाळा हवाच असायचा. पण आई गेली आणि हा माणूस पडवीतल्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. समोर अंगण, पुढे चिऱ्याची कंपाउंडची भिंत, तिच्यापलीकडे रत्नागिरीहून पावस गावाला जाणारा रस्ता. दिवसभर तिकडे तोंड करून बसायचे. काय बघताय विचारलं की म्हणायचे, "काय नाय." मी सकाळची शाळा करून साडेबाराला यायचे, तर झाकून ठेवलेला नाश्ता झाकलेलाच असायचा. सुरमई तळून वाढली तरी काट्यांशी खेळत बसायचे. खलाशाने मासा टाकला म्हणजे दुखणं साधं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो. दिवाळीला आला आणि बाबांना बघून घाबरलाच. स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे असं नाही चालणार. मे महिन्यात पोरांना सुट्टी पडली की मी येतो. तोवर बाबा असेच राहिले तर घेऊन जातो. अर्धा दिवस तू शाळेत असतेस. इकडे काही झालं तर कोण बघणार?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला त्याचा राग आला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मला काय, कुठंपण बसेन." सातव्या मजल्यावरच्या त्याच्या हॉलमध्ये बसलेले बाबा माझ्या डोळ्यांपुढे आले, समोर दुसऱ्या बिल्डिंगचं टॉयलेटचं तावदान. मी भावाला बरं म्हटलं. एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, हा विषय नातेवाइकांनी पोटभर चघळलेला आहे, त्यात मी भर घालत नाही. पण बाबा गेले की या घरात मी एकटी उरणार होते आणि त्याची मला भीती वाटत होती. मे महिन्यापर्यंत बाबांना खुर्चीतून उठवायचं, एवढं एकच तेव्हा मला कळत होतं, आणि ते कसं करायचं ते कळत नव्हतं.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी स्कूटर बाहेर काढली आणि भिंत बघून ब्रेकच लावला. फूटभर उंचीच्या काळ्या अक्षरांत कोणीतरी लिहून गेलं होतं, 'मूळव्याध. ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज.' त्याखाली फोन नंबर आणि शेवटी एक लांबलचक बाण. तो बाण पुढच्या कुठल्यातरी दवाखान्याकडे जायचा असणार, पण रंगवणाऱ्याला जागा पुरली नसावी. बाणाचं टोक बरोबर आमच्या गेटात शिरत होतं.

साडेबाराला घरी आले तर पडवीत दोन गृहस्थ बसलेले. एक मिरजोळ्याच्या कारखान्यातला, कंपनीच्या निळ्या शर्टातला. दुसरे कुठल्या वाडीतले म्हातारेबाबा. दोघेही बाकाच्या कडेला जेमतेम टेकलेले. बाबा त्यांना समजावत होते, "मी डॉक्टर नाय हो. मी बोटीवर होतो."

यावर कारखान्यातला म्हणाला, "चालेल, तिकडचं औषध असलं तरी चालेल."

शेवटी बाबांनी मिरची बंद करा, ताक प्या, असं काहीतरी सांगून दोघांना वाटेला लावलं. आठवड्याने तो निळ्या शर्टातला डझनभर केळी घेऊन आला आणि बरंच बरं आहे म्हणाला. पण ते नंतर. त्या दिवशी ते दोघे गेल्यावर बाबा खुर्चीतून उठले. लुंगी वर खोचून गेटबाहेर गेले, भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी शिवी दिली. साधीसुधी नव्हे. बोटीवरची, तीन भाषांमधून फिरून परत मराठीत येणारी. मला इतका आनंद झाला की भर जेवणाच्या वेळी मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली आणि तिच्यातून चिपिंगचा हॅमर काढला. बोटीवर रंग काढायची रीत म्हणजे ठोकणं. लोखंडी पत्र्यावर गंज आणि जुना रंग धरला की दोन्ही बाजूंनी धार असलेल्या त्या हातोडीने तो ठोकत बसायचं, मग वायर ब्रश, मग तांबडा प्रायमर. बाबांनी अर्धं आयुष्य हेच केलेलं. समुद्राने खायचं आणि खलाशाने ठोकायचं. पण इथे समोर लोखंड नव्हतं, चिरा होता. आमचा चिरा म्हणजे कातळातून कापलेला तांबडा, भोकाभोकांचा दगड. उन्हापावसात घर उभं धरतो, पण हॅमरखाली नानकटाईसारखा भुगा होतो. बाबांनी 'मू' पासून सुरुवात केली. बोटीवरच्या बत्तीस वर्षांत त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं की मध्ये थांबून बघावं. दोन तास ठणठण चालू होती. मी शाळेतून आले तेव्हा ते घामाने निथळत, समाधानाने भिंतीपासून मागे सरकत होते. आणि तेव्हा आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं.

त्या पहिल्या शब्दाचा काळा रंग गेला होता. त्याच्या जागी अर्धा इंच खोल, ताज्या लालभडक चिऱ्यात, 'मूळव्याध' कोरलेली होती. देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं कोरतात, तशी. संध्याकाळचं ऊन तिरकं पडलं की अक्षरांत सावली भरायची आणि शब्द पावसच्या एस.टी.तून आरामात वाचता यायचा. पुढे आमच्या घराची खूण सांगताना लोक काय म्हणू लागले, ते मी इथे लिहीत नाही.

बाबा त्या रात्री पोटभर जेवले. रागाने का होईना, जेवले.

आमच्या मागच्या घरातला शेजारी गवंडीकाम करतो. तो बघायला आला आणि हसू आवरता आवरता म्हणाला, "काका, ही काय बोट वाटली तुम्हाला? चिरा हाय हा. चिरा पितो. रंग आत उतरला की ठोकून नाय निघत, ओढून काढायला लागतो." बाबांना कोणी शिकवलेलं आवडत नाही. त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या अंगणात उभे होते.

ओढून काढायची रीत मग आमच्या घरात रुजली. गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडूची माती आणायची. हार्डवेअरच्या दुकानातलं रंग सोडवायचं औषध तिच्यात कालवून चटणीइतकं घट्ट करायचं. हातमोजे घालून रंगावर बोटभर जाड लिंपायचं आणि वरून प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. औषध आत जाऊन रंगाला ढिला करतं, शाडू त्याला पिऊन घेते. दुसऱ्या दिवशी माती तडकून सुटते, तिची आतली बाजू काळी झालेली असते. मग पाणी आणि नायलॉनचा ब्रश. तारेच्या ब्रशला बंदी. उरलेली ओळ, फोन नंबर आणि बाण यांवर बाबांनी असे तीन लेप दिले आणि रंगाचा ठिपकाही ठेवला नाही. नंबर मात्र तसाच राहिला. कारण आमची भिंत पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळी पडलेली, आणि बाबांनी घासलं तेवढंच लाल. आता नंबर काळ्यावर लाल असा दिसत होता आणि पूर्वीपेक्षा ठळक होता. फोनवाल्याने आम्हाला पैसे द्यायला हवे होते.

तेव्हा सगळी भिंत घासणं आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून खाली, रोज थोडी थोडी. कोरलेली अक्षरं चिऱ्याची भुकटी आणि थोडं सिमेंट कालवून बुजवली. बाबा सकाळी मी शाळेत निघायच्या आधी बाहेर असायचे. दोन भाकऱ्या जास्त लागायला लागल्या. एक दिवस बांगड्याचं डोकं चोखताना दिसले, तेव्हा मला वाटलं, सुटलो.

भिंत संपली. नवीकोरी, लालचुटूक. बाबांनी ब्रश धुऊन उलटा ठेवला, हात पुसले, आणि खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी नाश्ता झाकलेला सापडला.

मी चार दिवस वाट पाहिली. मूळव्याधवाल्यांना पुन्हा यायला काय झालं होतं, असं मनात यायचं. एरवी नको तेव्हा उगवतात. पाचव्या दिवशी मीच ठरवलं.

रत्नागिरीत असल्या कामाला रात्र लागत नाही. दुपारी दोन ते चार आमच्याकडे चोरसुद्धा आडवा झालेला असतो. दुकानांचे दरवाजे ओढलेले, कुत्री रिक्षाखाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गेटाला लावून उरलेला काळा ऑइलपेंटचा डबा मागच्या पडवीत होता. जागा निवडली ती बाबांच्या खोलीच्या खिडकीखालची, कारण घराचा तो कोपरा भिंतीला लागून आहे आणि रस्त्याच्या बाजूला तिथेच आंब्याची सावली पडते. शिवाय तिथे उभं राहिलं की बाबांचं घोरणं ऐकू येतं. घोरणं चालू तोवर मला भीती नाही, असा हिशेब. माझं अक्षर त्यांनी ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. काय लिहायचं ते मात्र ऐन वेळी सुचेना. वळणापाशी एक टेम्पो ऐकू आला, त्या घाईत सुचलं ते लिहून मोकळी झाले. 'या भिंतीवर लिहू नये.'

चार वाजता बाबा चूळ भरून गेटबाहेर गेले. मी स्वयंपाकघरात, चहाचं आधण बघतेय असं दाखवत कान टवकारून उभी. आधी शांतता. मग बाबांचा आवाज, "लिहू नये? माझ्या भिंतीवर लिहून मलाच सांगतो लिहू नये?" आणि त्यानंतर तिन्ही भाषा. मी ओट्याला टेकून तोंडावर हात दाबून हसले. चहा उतू गेला.

तिथून मला चटकच लागली. आठ-दहा दिवसांनी एकदा, दोन ते चारच्या मध्ये. पहिल्या एक-दोन वेळा ऑइलपेंट काढताना बाबांना आठवडा लागला, खांद्याला तेल चोळावं लागलं, तेव्हा माझ्या मनाला थोडं लागलंही. पण पुढे त्यांचा हात इतका बसला की नुसत्या पाण्याने नि ब्रशने दोन दिवसांत अक्षर नाहीसं करायचे. बघा, कसब म्हणतात ते हे, असं मी शाळेत सांगितलं. माझ्या काटकसरीचंही मला कौतुक वाटायचं. एवढं लिहूनही डबा म्हणजे द्रौपदीची थाळी, संपता संपत नव्हता.

'येथे जुन्या गजाली विकत घेतल्या जातील' असं लिहिलं, गजाली म्हणजे आमच्याकडच्या गप्पागोष्टी, तर खरंच एक आजी पिशवी घेऊन आल्या आणि बाबांशी तासभर बोलून गेल्या. 'जावई पाहिजे. बोट असल्यास प्राधान्य' हे लिहिलं तेव्हा बाबा बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले. संध्याकाळी जेवताना मान खाली घालून म्हणाले, "लिवणारा माहितीतला दिसतोय." मी आमटी वाढत म्हटलं, "काय एकेक लोक असतात." एकदा गेटाच्या सिमेंटच्या खांबावर लिहून बघितलं. तेव्हा बाबांनी मिरजोळ्याच्या एका गॅरेजातून गाड्या धुवायचा पंप मागून आणला आणि सिमेंटला पाण्याचा मार कसा हातभर लांबून द्यायचा याचं व्याख्यान मला दिलं. जवळ धरलं की काँक्रीटलाही ओरखडा उठतो म्हणे. ते सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. वहीत लिहून घ्यायचंच काय ते मी बाकी ठेवलं होतं.

त्यांचं नाव झालं. आमच्या शाळेच्या भिंतीवरचे बदाम त्यांनी काढले. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंनी बोलावलं. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि कंपाउंडवर बाण मारलेला बदाम, त्यात दोन अक्षरं. बाबा सामान घेऊन गेले, बदाम बघितला, आणि त्या बाईंना म्हणाले, "आधी मुलीला विचारा. मुलगा बरा असला तर पुसून उपयोग काय?" बाईंनी त्यांना परत पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा पुसायला नव्हे, पेढे द्यायला.

बाबांच्याही काही नवीन सवयी मला दिसत होत्या. जेवण झालं की मोठ्याने सांगायचे, "मी झोपतोय हां. चारशिवाय उठत नाय." आणि भिंतीजवळ रस्त्याच्या बाजूला, आंब्याखाली, एक लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. घासायला बसायला बरं पडतं म्हणाले. मलाही ते बरं पडलं. उंचावर लिहिताना चढायला, खाली लिहिताना बसायला. म्हातारा माणूस असूनही सोय बघून ठेवतो, असं मी मनात म्हटलं. शाळेत पोरांच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखणारी बाई मी, हे पुन्हा एकदा सांगून ठेवते.

मे महिन्यात ठरल्याप्रमाणे भाऊ आला. एकटाच, गाडी घेऊन. पोरं बायकोच्या माहेरी ठेवून. गाडी का रिकामी आहे ते मला बघताक्षणी कळलं. त्याने बाबांसाठी मागची सीट मोकळी ठेवली होती. बाबांना बघून तो खूश झाला, बांधा भरला म्हणाला, हात दाबून बघितले. पण रात्री मला म्हणाला, "ताई, आत्ता तब्येत बरी आहे तोवरच नेलेलं बरं. पावसाळ्यात पुन्हा बसले तर? मी उद्या जेवल्यावर बोलतो त्यांच्याशी. परवा पहाटे निघू." मी ताटं आवरत राहिले. सहा महिने भिंत रंगवून मी बाबांना जाण्याइतकं धडधाकट करून ठेवलं होतं, हे तेव्हा डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. बाबांनी नेहमीसारखं जाहीर केलं, चारशिवाय उठत नाय. भाऊ त्यांच्याच खोलीत चटई टाकून पडला. मी स्वयंपाकघरात बसले आणि मला त्या दोघांचाही असा राग आला की मी उठून मागच्या पडवीत गेले, डबा घेतला आणि सरळ बाहेर आले. भाऊ घरात आहे, खिडकी उघडी आहे, काही काही बघितलं नाही. आंब्याखाली आले तर घोरणं चालू होतं. स्टुलावर चढले आणि डाव्या हाताने सुरू केलं. 'मुंबईकरांस प्र' इथपर्यंत आले, आणि घोरणं थांबलं.

"गेली बाहेर," बाबांचा आवाज आला. अगदी जागा, स्वच्छ आवाज. "आता बोल काय ते. पण हळू बोल. खिडकीखालीच असते ती."

मी ब्रश धरलेला हात वर तसाच ठेवून उभी राहिले. आत भाऊ काहीतरी पुटपुटला.

"अरे, भिंतीवर लिवतेय," बाबा म्हणाले. "तीच लिवते. मी घोरायला लागलो की सुरू करते. म्हणून रोज घोरतो. हल्ली खरी झोप साडेचारनंतर काढतो, ती देवाला गेली की."

"तुम्हाला माहीत आहे?" भावाचा आवाज.

"पहिल्या दिवसापासून. डाव्या हातानं लिवलं म्हणून काय झालं, रंग उजव्या हाताच्या बोटांना होता. डबा त्या हातात धरलान ना." मग बाबा थोडं हसले. "ऑइलपेंट लिवायची रे. चिऱ्यात उतरायचा, माझे खांदे गळून पडायचे. मग मीच तो डबा रिकामा केला नि त्यात डिस्टेंपर घालून काळ्या रंगाचा स्टेनर ढवळून ठेवला. पाण्यानं निघतो. संपत आला की भरून ठेवतो. तिला कळलंपण नाय. मास्तरीण हाय, पण भोळी."

द्रौपदीच्या थाळीकडे मी बघितलं. पाऊण भरलेली होती.

भाऊ हसत होता. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण बाबा, मग रोज एवढं घासत कशाला बसता? सांगायचं ना तिला, बस कर म्हणून."

वरून एक कैरी रस्त्यावर पडली, तेवढाच आवाज.

"तुझी आई गेली तेव्हा सगळे मला बघायला आले," बाबा म्हणाले. "बाबांना जपा, बाबांना जपा. हिला कोणी बघितलं नाय. ही तेराव्यानंतर शाळेत गेली. परत येऊन भात लावायची, माझ्या गोळ्या काढून द्यायची. रडली नाय. हसलीपण नाय. घरात चालायची ती पाहुणी आल्यासारखी. मी खुर्चीत बसून तेच बघायचो. मला वाटायचं, हिला काय झालं विचारावं, पण बोटीवर राहून पोरीशी बोलायचं कसं ते शिकायचं राहिलं. मग ती मूळव्याध आली. मी बाहेर जाऊन शिव्या घातल्या, नि आत येतो तर ही भर जेवणाच्या वेळी चहा टाकतेय नि तोंड हसरं. मग स्वतःच लिवायला लागली. चार वाजता मी बाहेर जाऊन ओरडलो की आत ओट्याजवळ हसते. पाठीमागनं खांदे हलतात तिचे. आई हसायची तसेच."

आत भावाने नाक ओढलं.

"मला काय रे," बाबा म्हणाले. "मी डोंबिवलीला येऊन बसेन, कुठंपण बसेन. पण मग ही लिवणार कुणासाठी?"

माझ्या मनगटावरून काळा डिस्टेंपर कोपरापर्यंत ओघळला होता. मी रडत होते, आणि स्टुलावर उभी राहून रडणं किती गैरसोयीचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. एका हाताला ब्रश, दुसऱ्याला डबा, नाक पुसायला हातच नाही. खोलीत चटई सरकल्याचा आवाज झाला.

"गप पडून रहा आता," बाबा कुजबुजले. "मी परत घोरतो. बराच वेळ झाला, तिला शंका यायची." आणि घोरणं सुरू झालं.

मी ब्रश डब्यात बुडवला. राहिलेला शब्द पूर्ण केला आणि पुढचाही लिहिला. अर्धवट सोडलं असतं तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं, आणि उद्या घासायला कमी पडलं असतं.

चार वाजता मी चहाचा ट्रे घेऊन अंगणात आले. बाबा चूळ भरून गेटबाहेर गेले, मागोमाग भाऊ. 'मुंबईकरांस प्रवेश नाही.' बाबांनी सावकाश वाचलं, मग कमरेवर हात ठेवले.

"कोण मेला रोज लिवतो हे," ते गरजले. "आता दोन दिवस घासायला लागणार. उद्या पहाटे निघायचं कसं?"

"नकोच निघायला," भाऊ म्हणाला आणि पाठ फिरवून खोकायला लागला.

"काय एकेक लोक असतात," मी म्हटलं. माझ्या कोपराला अजून काळं होतं. बाबांची पहिली भाषा संपली होती, दुसरी सुरू झाली होती. मध्येच त्यांनी मान वळवून माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं. मी हसत होते. मग ते भिंतीकडे वळले आणि राहिलेली शिवी पूर्ण केली.